रानाच्या आणि गावाच्या मधला कुत्रा

भीमाशंकरहून मंचरला उतरणारा रस्ता साठेक किलोमीटरचा आहे. वर घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके हटत नाही. झाडांच्या खोडांवर शेवाळ असते आणि उंच फांद्यांवर शेकरू घरटी बांधतात. मुख्यतः या शेकरूसाठीच १९८५ मध्ये येथील सुमारे १३१ चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून राखले गेले. रस्ता खाली येऊ लागला की हिरड्याची झाडे, भाताची खाचरे आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या लागतात. पुढे डिंभे धरणाचे पाणी, मग घोडेगाव, आणि मंचर येईपर्यंत दोन्ही बाजूंना बागायत व पुणे-नाशिक रस्त्याची वर्दळ. उत्तरेकडच्या जुन्नर तालुक्याची रचनाही अशीच आहे. पश्चिमेला डोंगर आणि रान, पूर्वेला कुकडीच्या पाण्यावर पोसलेला ऊस.

या वाटेने कधी मुलांची सहल नेली तर त्यांना एक काम द्यावे. कोणता प्राणी कोठून कोठपर्यंत दिसतो, याची नोंद वहीत करायची. शेकरू दाट झाडी सोडून खाली येत नाही. वानरे वाडीपर्यंत येतात. बिबट्या प्रत्यक्ष दिसणार नाही, पण तो रानातही आहे आणि उसातही आहे. गाई-म्हशी गोठ्यात आणि माळावर. देवळाच्या पायऱ्यांपासून मंचरच्या बाजारापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हजर असणारा प्राणी मात्र एकच निघेल, तो म्हणजे कुत्रा.

कुत्रा रात्री घराच्या अंगणात झोपतो, सकाळी मुलांबरोबर शाळेपर्यंत येतो, दुपारी गुराख्याबरोबर रानात जातो. मेलेल्या जनावरावर तो कोल्ह्याच्या शेजारी तोंड घालतो आणि कधी स्वतः बिबट्याच्या तोंडी जातो. रोगांच्या दृष्टीने पाहिले तर रान आणि गाव यांच्यामधला तो पूल आहे. या पुलावरून कोणते रोग ये-जा करतात, ते कसे वाढले आणि त्यांना कसे अडवता येते, हे या लेखात पाहू. त्यात शाळेचा वाटा किती मोठा आहे, हे शेवटी आपोआप लक्षात येईल.

मज्जातंतूंच्या वाटेने

या पुलावरचा सर्वात जुना वाटसरू म्हणजे रेबीजचा विषाणू. कुत्रा पिसाळतो तो याच विषाणूमुळे. माणसाला, गाईला, मांजराला, कोल्ह्याला, लांडग्याला, बिबट्याला, थोडक्यात कोणत्याही सस्तन प्राण्याला हा रोग होऊ शकतो. पण 'होऊ शकतो' आणि 'रोग टिकवून धरतो' यांत फरक आहे. पिसाळलेली गाय सहसा दुसऱ्या गाईला चावत नाही. तिच्यापाशी विषाणूची वाट संपते. कुत्र्याकडून कुत्र्याकडे मात्र ती अखंड चालू राहते. म्हणून आपल्याकडे कुत्रा हा या विषाणूचा मूळ आधार आहे आणि बाकीचे प्राणी, माणूससुद्धा, वाटेत सापडलेले बळी आहेत.

पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत विषाणू असतो. चावा घेतला की तो जखमेतल्या स्नायूत शिरतो. तेथून तो जवळच्या मज्जातंतूत प्रवेश करतो आणि त्या तंतूच्या आतून मेंदूकडे सरकू लागतो. इतर अनेक विषाणूंप्रमाणे तो रक्तातून धावत नाही. त्यामुळे त्याला वेळ लागतो. बहुधा एक ते तीन महिने, क्वचित त्याहून पुष्कळ जास्त. चावा पायाला असेल तर वाट लांब. तोंडाला, मानेला किंवा हाताच्या बोटांना असेल तर ती लहान आणि तेथे मज्जातंतूंचे जाळेही दाट. लहान मुलांची उंची कमी असल्याने त्यांना चावा पुष्कळदा चेहऱ्याला आणि मानेला बसतो. मुलांच्या बाबतीत अधिक घाई का करायची, याचे कारण हे आहे.

विषाणू मेंदूत पोहोचला की तेथे वाढतो आणि मग मज्जातंतूंच्याच वाटेने बाहेर पडून लाळग्रंथींत येतो. आता ते जनावर दुसऱ्याला चावले की चक्र पुन्हा सुरू. मेंदूवर परिणाम झाल्याने कुत्रा कधी दिसेल त्याला चावत सुटतो, तर कधी उलट गप्प होऊन कोपऱ्यात पडतो, जबडा लोंबतो, लाळ गळते. 'पिसाळलेला' म्हटले की पहिलेच चित्र डोळ्यांसमोर येते. पण गप्प पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात हाड अडकले असेल म्हणून हात घालणारा माणूस तितक्याच धोक्यात असतो.

माणसात लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. पाण्याचा घोट घेताना घशाचे स्नायू आवळतात, पाण्याची भीती वाटू लागते, आणि काही दिवसांत मृत्यू येतो. पण लक्षणे दिसण्यापूर्वीचे ते आठवडे आपल्या हातात असतात. ही एक शर्यत आहे. एका बाजूला मज्जातंतूतून हळूहळू सरकणारा विषाणू आणि दुसऱ्या बाजूला लशीमुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे. लस वेळेवर टोचली तर प्रतिपिंडे आधी पोहोचतात. चावल्यानंतर टोचूनही उपयोग होतो अशा लसी फार थोड्या आहेत. रेबीजची लस त्यांतली एक, आणि त्याचे कारण विषाणूच्या या धिम्या चालीत आहे. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचायला सुरुवात केली, तेव्हा याच सवडीचा फायदा घेतला होता.

साबण, पाणी आणि दहा दिवस

शर्यतीतली पहिली खेळी मात्र डॉक्टरांची नव्हे, आपली आहे. चावा बसताच जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. ताटातले तेल साबणाने निघते तसाच हा प्रकार आहे. जखमेवर हळद, चुना, तिखट, तेल किंवा जडीबुटी लावू नये. जखम चोळली गेल्याने विषाणू उलट खोल जातो आणि धुण्याची वेळही फुकट जाते.

त्यानंतर लस. सरकारी केंद्रांत ती बहुधा दंडाच्या कातडीत टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. (येथे पहिला दिवस शून्य धरतात.) स्नायूत टोचायची पद्धत असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडेही जखमेत आणि तिच्या भोवती टोचावी लागतात. लशीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर लागतो, तोवरची ही उसनी कुमक.

'पोटात चौदा इंजेक्शने' ही भीती अजूनही गावोगावी आहे. ती एके काळी खरी होती. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी लस आपल्या देशात जवळजवळ शतकभर वापरात होती. ती पोटावर टोचत, दुखत असे, आणि तिचे दुष्परिणामही होत. २००५ पर्यंत भारतात तिचा वापर बंद झाला. लस बदलली, पण भीती बदलली नाही. आणि या भीतीपायी मूल घरी सांगतच नाही की आपल्याला कुत्रे चावले.

चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा, असे सांगतात. हे दहा दिवस कोठून आले? विषाणू लाळेत येतो तो लक्षणे दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की कुत्रा थोड्याच दिवसांत मरतो. म्हणजे चावताना ज्याच्या लाळेत विषाणू होता, तो कुत्रा दहा दिवसांनंतर धडधाकट असू शकत नाही. तो धडधाकट दिसला तर त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. मात्र या दहा दिवसांत लस थांबवायची नाही. ती सुरू करायची, आणि पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. कुत्रा पळून गेला किंवा मारून टाकला, तर ही पडताळणीच हातची जाते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीवरून देशात दर वर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज निघाला. चावणाऱ्या प्राण्यांत चारांतले तीन कुत्रे होते. कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश लोकांनी लशीचा एकही डोस घेतला नव्हता.

गिधाडे गेली तेव्हा

नवी साथ म्हटली की आपण नवा विषाणू शोधू लागतो. पण पुष्कळदा विषाणू जुनाच असतो, त्याला नवी वाट मिळालेली असते. रेबीजच्या बाबतीत अशी एक वाट आपल्या डोळ्यांदेखत रुंद झाली.

सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, तर पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर. गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा तासाभरात साफ करत असे. १९९० नंतर ही गिधाडे दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात हजाराला एक इतकी खाली आली. कारण काही वर्षे कळले नाही. एखादी साथ असावी, अशीही शंका होती. २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून उत्तर मिळाले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करत होते. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकारही ३ मिलिलिटरवर आणला.

गिधाडे गेली, पण जनावरे मरायची थांबली नाहीत. पंगत तीच राहिली आणि पानावर कुत्रे बसले. १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे ५५ लाख कुत्रे वाढले आणि त्यांच्या चाव्यांमुळे ४७ हजारांहून अधिक माणसे जास्तीची दगावली, असा अंदाज २००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ व पक्षितज्ज्ञांनी मिळून मांडला. गोठ्यातल्या औषधाने सुरू झालेली साखळी आकाशातून फिरून मुलाच्या पायाशी येऊन थांबली. यात कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. शेतकऱ्याला आपल्या बैलाचे दुखणे थांबवायचे होते, एवढेच.

आता कुत्र्यांना आणखी जेवण मिळते. देवस्थानच्या गर्दीचे उष्टे, रस्त्याकडेच्या ढाब्यांचा कचरा, कोंबड्यांच्या शेडमधून फेकलेली मेलेली पिल्ले. जेथे खायला असते तेथे कुत्रे असतात. हे गणित साधे आहे, आणि रोगाच्या नियंत्रणाचे पहिले पाऊल म्हणून ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बिबट्याच्या पानात

जेथे कुत्रे असतात तेथे त्यांना खाणाराही येतो. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतील केस तपासून त्याचा आहार शोधला. दाट वस्तीच्या आणि उसाच्या त्या खोऱ्यात बिबट्याच्या अन्नाचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा त्या मानाने थोडा होता.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल २०१८ मध्ये असाच एक हिशेब मांडला गेला. तेथील सुमारे ३५ बिबटे वर्षाला १,५०० च्या आसपास कुत्रे खातात, त्यामुळे सुमारे एक हजार चावे टळत असावेत, असा तो अंदाज होता. वाचून गंमत वाटते. पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत बिबट्याने माणसे मारली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. ज्या घरातले मूल गेले त्या घराला हा हिशेब ऐकवता येणार नाही. म्हणून 'बिबट्या कुत्रे खातो म्हणून तो हवा' असा याचा अर्थ घेऊ नये. अर्थ एवढाच की उकिरडा, कुत्रा आणि बिबट्या हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. उघड्यावरचा कचरा वाढला की कुत्रे वाढतात, आणि कुत्रे वाढले की बिबट्याला वस्तीजवळ राहणे परवडते. घरामागचा उकिरडा आवरला तर तिन्हींवर थोडाथोडा परिणाम होतो.

गोवराचा भाऊबंद

रेबीज रानातल्या प्राण्यांना मारतो, पण तेथे त्याची भीती तुलनेने कमी. त्याहून काळजी वाटावी असा एक विषाणू कुत्र्यांबरोबर रानात जातो. त्याचे नाव डिस्टेंपर. कुत्र्याचे डोळे-नाक वाहणे, खोकला, जुलाब, आणि शेवटी अंग झटके देऊ लागणे ही त्याची लक्षणे आपल्या पाहण्यात असतील. पुष्कळदा अशा कुत्र्याला पिसाळलेला समजून मारतात. माणसाला या रोगाची बाधा होत नाही. पण हा विषाणू माणसाच्या गोवराचा भाऊबंद आहे, आणि गोवरासारखाच श्वासातून पसरतो. चाव्याची गरजच नाही.

कोल्हे, खोकड, लांडगे आणि रानकुत्रे तर याला बळी पडतातच. वाघ, सिंह, बिबटे यांनाही तो होतो. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील एकतृतीयांश, मेले. गुजरातेत गीरच्या पूर्व भागात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोड्याच दिवसांत २३ सिंह दगावले, आणि तपासणीत त्यांच्यातील अनेकांत डिस्टेंपरचा विषाणू मिळाला. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात कुत्र्यांच्या आणि खोकडांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा गावकुत्र्यांपैकी बहुतेकांना या विषाणूची लागण कधी ना कधी होऊन गेल्याचे दिसले, आणि काही खोकडांतही त्याच्या खुणा मिळाल्या. बिबट्या जेव्हा आजारी कुत्रा उचलतो, तेव्हा जेवणाबरोबर काय उचलतो, याचा विचार यावरून करता येईल.

या घराण्यातला तिसरा भाऊ जुन्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे: बुळकांडी. गाई-बैलांच्या या रोगाने गावेच्या गावे गोठ्यांनिशी ओस पडत, आणि रानातले गवेही त्याने मरत. भारतात १९९५ मध्ये त्याचा शेवटचा उद्रेक झाला, २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सर्व जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग. यातली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की रानातल्या गव्यांना कोणी लस टोचली नाही. गोठ्यातल्या जनावरांना टोचली, आणि गवे आपोआप वाचले. मूळ आधार काढून घेतला की बाकीच्यांतला रोग विझतो.

रोग उलट्या दिशेनेही येतो, हे खरे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधला. तो गोचिडांच्या चाव्यातून पसरतो. हाच माकडताप २०१६ मध्ये सह्याद्रीच्या कडेने आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसला. तेथेही माकडे मरणे ही धोक्याची पहिली सूचना असते. म्हणून रानाकाठच्या शाळेने मुलांना एक नियम सांगून ठेवावा. मेलेले माकड, वटवाघूळ किंवा कोणताही रानप्राणी दिसला तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचे. आणि मोठ्या माणसाने वनखात्याला व आरोग्य केंद्राला कळवायचे.

सत्तर टक्के कोठून आले?

आता नियंत्रणाकडे वळू. गावात कुत्रे वाढले, कोणाला चावले, की पहिला उपाय सुचतो तो मारून टाकण्याचा. तो फसतो. कुत्रे मारले तरी उकिरडा तेथेच राहतो. आजूबाजूचे कुत्रे रिकाम्या जागेत येतात, उरलेल्यांची पिल्ले अधिक जगतात, आणि नव्याने आलेल्यांपैकी कोणालाच लस टोचलेली नसते. काहीसा असाच अनुभव जुन्नरला बिबट्यांच्या बाबतीत आला होता. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ते सरासरी १७ झाले. जनावर हलवले म्हणजे प्रश्न हलतोच असे नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत उपाय आहे लशीचा. गावातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना दर वर्षी लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे ७० कोठून आले? हिशेब सोपा आहे, सातवीच्या वर्गातही करून दाखवता येईल.

वेगवेगळ्या देशांतल्या साथींचा अभ्यास करून असे आढळले आहे की एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतो. आपण दीड धरू. (गोवराचा एक रोगी, लस नसलेल्या समाजात, बारा ते अठरा जणांना गोवर देतो. त्यामुळे गोवर थांबवायला शंभरात पंच्याण्णव मुलांना लस लागते.) १०० कुत्र्यांपैकी ७० जणांना लस टोचली. रस्त्यावरचा कुत्रा फार जगत नाही. वर्षभरात ४० मेले आणि ४० पिल्ले नवी आली, असे समजू. मेलेल्या ४० मध्ये लस टोचलेले २८ असतील. म्हणजे वर्षअखेर ७० मधून २८ गेले, उरले ४२. आता १०० पैकी ५८ कुत्र्यांना लस नाही. एक पिसाळलेला कुत्रा किती जणांना रोग देईल? दीड गुणिले ५८ शतांश, म्हणजे ०.८७. एकाहून कमी. साथ विझत जाईल.

सुरुवातीला ४० जणांनाच टोचली असती तर? ४० मधून १६ गेले, उरले २४. लस नसलेले ७६. दीड गुणिले ७६ शतांश म्हणजे १.१४. एकाहून जास्त. साथ चालू राहील. पैसे खर्च झाले, श्रम झाले, आणि रोग मात्र तेथेच. अर्धवट मोहीम ही अर्धी यशस्वी नसते, हे या दोन आकड्यांवरून मुलांना कळते. लशीबरोबर नसबंदी केली तर नवी पिल्ले कमी येतात आणि ४२ चा आकडा आणखी वर राहतो. कुत्र्याला पकडून, नसबंदी व लसीकरण करून पुन्हा त्याच जागी सोडण्याची पद्धत देशाच्या २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांत याच विचाराने आली.

आणि बुळकांडीसारखेच येथेही घडते. सेरेंगेटीभोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचल्यावर रानातल्या प्राण्यांतला रेबीजही ओसरला. डिस्टेंपर मात्र केवळ तेवढ्याने गेला नाही, कारण तो अनेक जातींच्या प्राण्यांत फिरत राहतो. सगळ्या रोगांना एकच कुलूप लागत नाही. कोणाचा मूळ आधार कोठे आहे, हे आधी शोधावे लागते.

गोव्याने काय केले

हे सारे कागदावरच राहिलेले नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात हा प्रयोग राज्यभर झाला. पथके गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचत, आणि कोणता भाग राहिला ते मोबाइलवरच्या नकाशात पाहत. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचून त्यांनी ७० टक्क्यांचा टप्पा गाठला. कुत्र्यांतील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, आणि या काळाच्या अखेरीस माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले, त्याला या अनुभवाचा आधार आहे.

या मोहिमेतला एक आकडा शिक्षकांसाठी मुद्दाम राखून ठेवला होता. लसीकरणाच्या पथकांबरोबरच शिक्षण देणारी पथकेही होती, आणि ती दर वर्षी दीड लाख मुलांपर्यंत पोहोचत होती. कुत्रा कधी चावतो, चावल्यावर काय करायचे, कोणाला सांगायचे, हे ती शाळांत जाऊन शिकवत. लशीच्या कुपीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची मानली गेली.

वर्गात करून पाहा

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर एका डब्यात १ ते ४० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. प्रत्येक मूल म्हणजे एक कुत्रा. पहिल्या डावात ८ मुलांच्या हाताला रंगीत दोरा बांधा. त्यांना 'लस' मिळाली आहे. दोरा नसलेले एक मूल 'पिसाळलेले' ठरवा. ते डब्यातून दोन चिठ्ठ्या काढील. (हिशेबात आपण दीड धरले होते, खेळाच्या सोयीसाठी दोन.) ज्यांचे आकडे निघतील त्यांना चावा बसला. दोरा असेल तर काही होत नाही. दोरा नसेल तर ते मूल पुढच्या फेरीत पिसाळते. चिठ्ठ्या काढून झाल्या की पहिले मूल खाली बसते आणि चिठ्ठ्या परत डब्यात जातात. खाली बसलेल्याचा आकडा पुन्हा निघाला तर तो चावा वाया. साथ थांबेपर्यंत खेळा आणि किती मुले खाली बसली ते फळ्यावर लिहा.

दुसऱ्या डावात २८ मुलांना दोरा बांधा. ४० पैकी २८ म्हणजे ७० टक्के. आता किती मुले बसली? प्रत्येक डाव चार-पाच वेळा खेळा, कारण एकेका डावात नशिबाचा भाग असतो. सरासरी काढली की फरक उघड दिसतो. नंतर मुलांना विचारा: दोरा नसलेली १२ मुले दुसऱ्या डावात बहुधा का वाचली? त्यांना तर लस नव्हती! या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गाने स्वतः शोधले, त्याला सामुदायिक प्रतिकारशक्ती वेगळी शिकवावी लागणार नाही.

आणखी एक काम गावात करता येईल. मुलांनी आपापल्या आळीतले कुत्रे दुरून मोजावेत (हात न लावता, पिल्ले असलेल्या कुत्रीच्या जवळ न जाता) आणि नकाशावर उकिरडे, खाटिकखाना, मेलेली जनावरे टाकायची जागा दाखवावी. दोन्ही खुणा एकमेकांच्या किती जवळ पडतात ते पाहावे. हा नकाशा ग्रामसभेत ठेवता आला तर पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लसीकरणाचे शिबिर मागायला गावाच्या हातात काहीतरी ठोस असेल.

शेवटी एकच विनंती. पश्चिम आंबेगाव किंवा जुन्नरच्या एखाद्या वाडीवर आरोग्य केंद्र लांब असते, एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते, आणि आईबाप पहाटेच कामाला गेलेले असतात. अशा ठिकाणी मुलाला चावा बसला तर तो पहिल्यांदा दिसण्याची शक्यता शिक्षकालाच अधिक. मूल लंगडते आहे, पायाला फडके गुंडाळले आहे, विचारले तर 'काही नाही गुरुजी' म्हणते. रागावले जाईल, सुई टोचतील, आपला कुत्रा मारून टाकतील, यांपैकी कशाची तरी भीती त्याला असते. वर्षाच्या सुरुवातीलाच एकदा स्पष्ट सांगून ठेवावे की कुत्रा चावला हे सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही, आणि आता चौदा इंजेक्शने नसतात. हातपंपाजवळ साबणाची एक वडी ठेवावी. जवळच्या कोणत्या केंद्रात लस आणि प्रतिपिंडे मिळतात, ते आधीच विचारून तो दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. विषाणू हळू चालतो. आपण मुलाला वेळेवर विचारले, तर तेवढा वेळ पुरतो.